थंडीचा कोट : ऊब, टिकाऊपणा आणि शोभा

दिवाळीचे दिवे मालवतात, शेतांत कापसाची वेचणी चालू होते, हरभऱ्यावर दव पडू लागते, आणि पालम व आसपासच्या गोदाकाठच्या गावांत पहाटे शेकोट्या पेटू लागतात. अशा दिवसांत शनिवारची सकाळची शाळा ही विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांचीही एक प्रकारची परीक्षाच असते. अशाच एका शनिवारी घडलेल्या प्रसंगावरून प्रस्तुत लेखाचा विषय मला सुचला. त्या प्रसंगात चूक माझी होती, हे आरंभीच सांगून टाकणे मला उचित वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीच्या वर्गातील एक मुलगा आजोबांचे काळे घोंगडे पांघरून वर्गात आला. शेजारच्या खेड्यातून तो पायी येत असे. गणवेशाचा नियम मनात धरून मी त्यास म्हणालो, “ते घोंगडे घडी करून बाहेर व्हरांड्यात ठेव.” वर्गात थोडे हसू उमटले. मुलाने निमूटपणे आज्ञा पाळली. मग मी शुद्धलेखन घातले. वह्या तपासताना त्याच्या वहीवर माझी दृष्टी खिळली. एरवी मोत्यांच्या ओळीप्रमाणे येणारे त्याचे अक्षर त्या दिवशी पार वाकडेतिकडे झाले होते. हात थरथरत असताना अक्षर नीट कसे यावे? मी स्वतः मात्र अंगात लोकरीचा कोट घालून उभा होतो.

सोमवारी त्याचे आजोबा शाळेत आले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मास्तर, गुंडाळून ठिवलेल्या घोंगड्याची ऊब कुणाला हो?”

त्या प्रश्नाने मला लाजविले, आणि विचार करावयासही लाविले. उबदार वस्त्र म्हणजे काय, ते कसे पारखावे, मुलासाठी कोट घेताना पैसा कशावर खर्चावा आणि कशावर खर्चू नये, याचा मी त्या वर्षी थोडा अभ्यास केला. त्यातून जे हाती लागले, ते विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहे.

ऊब येते कोठून?

आजोबांच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. व्हरांड्यात घडी करून ठेवलेले घोंगडे थंडच असते, कारण कोणत्याही वस्त्राच्या अंगी स्वतःची उष्णता नसते. उष्णता असते ती आपल्या देहात. आपण खाल्लेल्या भाकरीचे शरीरात मंद ज्वलन होते, आणि त्यायोगे शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस राखले जाते. भोवतालची हवा थंड असली म्हणजे ही उष्णता एकसारखी बाहेर निसटू पाहते. वस्त्र तिला अडविते, एवढेच त्याचे काम.

यावर एक सोपा प्रयोग आहे. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक उघडा ठेवावा, दुसरा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावा. पुष्कळ मुलांना वाटते, की घोंगडी गरम, तेव्हा तिच्यातला बर्फ आधी वितळेल. प्रत्यक्षात उलटेच घडते. उघडा बर्फ लवकर पाणी होतो, गुंडाळलेला मागे राहतो. याचे कारण असे, की घोंगडी उष्णता देत नाही, ती उष्णतेची वाट अडविते. आतली बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरचीही आत येऊ देत नाही.

ही वाट अडविणारी खरी वस्तू तरी कोणती? ती आहे हवा. स्थिर राहिलेली हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक होय. लोकरीचा धागा सरळ नसतो, कुरळा असतो. त्याच्या असंख्य वळणांत हवा अडकून बसते व हलत नाही. गोधडीच्या थरांमध्ये अडकते तीही हवाच. म्हणून कोट घेताना पहिला प्रश्न ‘हा किती जड आहे?’ असा नसून ‘हा किती हवा धरून ठेवतो?’ असा असावा. कोटाची बाजू मुठीत दाबून सोडावी. ती फुगून पूर्ववत् झाली तर आत हवेला जागा आहे असे समजावे. दबलेली तशीच राहिली, तर तो कोट कितीही जड असो, एकदोन महिन्यांत त्याची ऊब सरेल.

परंतु हवा अडकविणे एवढ्याने भागत नाही. ती वाऱ्याने उडून जाता कामा नये. सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलास हे पुरते ठाऊक आहे. जाळीदार विणीचा जाड स्वेटर घरात उबदार वाटतो. तोच सायकलवर बसताच निरुपयोगी ठरतो, कारण वारा त्याच्या छिद्रांतून शिरून आतली ऊन हवा हाकलून देतो. त्याच्यावर घट्ट विणीच्या कापडाचा साधा पातळ सदरा घातला, तरी फार फरक पडतो. दाट विणीच्या कापडाचे बाह्यावरण आणि आत हवा धरणारा थर, असे दोन्ही ज्या कोटात असेल तो उत्तम.

आपल्या थंडीचा स्वभाव

कोट निवडताना आपण कोणत्या मुलखात राहतो याचा विचार अगोदर करावा. मराठवाड्याचे हे पठार समुद्रापासून दूर. येथील हिवाळ्यात हवा कोरडी असते, आकाश निरभ्र असते. दिवसा जमीन तापते. रात्री ढगांचे पांघरूण नसल्याने ती आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते. त्यामुळे पहाटे १० ते १२ अंशांची थंडी, तर दुपारी २८ ते ३० अंशांचे ऊन, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा अनुभव येतो. कधी कधी तर कडाका याहूनही वाढतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ५ अंशांच्याही खाली उतरला होता.

तेव्हा काश्मीर किंवा सिमल्याच्या बर्फासाठी शिवलेला जाडजूड कोट येथे घेणे म्हणजे पैशाचा अपव्ययच. तो सकाळी आठ वाजता हवासा वाटेल, पण अकरा वाजता मुलगा घामाघूम होईल. मग एकतर घामाने भिजून आजारी पडेल, नाहीतर कोट कोठेतरी विसरून येईल. आपल्याला हवा तो मध्यम जाडीचा, पुढून पूर्ण उघडणारा, चटकन् काढता व घडी करता येणारा कोट, आणि त्याच्या आत आवश्यकतेप्रमाणे एखादा सुती सदरा व पातळ स्वेटर. एका जाड वस्त्रापेक्षा दोन-तीन पातळ वस्त्रे बरी, कारण त्यांच्या मधल्या फटीतही हवा राहते, आणि ऊन चढेल तसतसा एकेक थर उतरविता येतो.

याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. १९२४ साली एव्हरेस्ट शिखर चढताना जॉर्ज मॅलरी हा इंग्रज गिर्यारोहक नाहीसा झाला. त्याचा देह १९९९ साली सापडला. अंगावर रेशीम, सूत व लोकर यांची अनेक पातळ वस्त्रे एकावर एक होती आणि सर्वांवर गॅबर्डीन नावाच्या घट्ट विणीच्या कापडाचा पोशाख होता. पुढे तशाच वस्त्रांच्या प्रतिकृती तयार करून २००६ साली एव्हरेस्टवर त्यांची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा ती वजनाला हलकी आणि चांगली उबदार ठरली. थरांचे हे तत्त्व आपल्या आजीबाईंच्या वाकळेहून निराळे नाही.

कापडांची पारख

बाजारात कोट अनेक प्रकारच्या कापडांचे मिळतात. प्रत्येकाचे गुणदोष जाणून घेणे अगत्याचे आहे.

लोकर ही थंडीच्या वस्त्रांत श्रेष्ठ मानली गेली ती उगाच नव्हे. हवा धरण्याचा गुण तर तिच्यात आहेच. शिवाय ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून दवात किंवा घामातही तिची ऊब टिकते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. ती कातरून, पिंजून, सूत काढून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगडी विणतात. धनगरांच्या मेंढ्या आणि सणगरांचा माग यांच्या मेळातून हे वस्त्र शतकानुशतके निर्माण होत आले आहे. एक चांगली घोंगडी वर्षानुवर्षे टिकते. दोष एवढाच, की ती अंगाला टोचते. याचेही कारण आहे. सुमारे ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात, आणि दख्खनी लोकरीचे तंतू बहुधा याहून जाड असतात. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर बरीच बारीक असल्याने ती मऊ लागते व महागही असते. परंतु जाड लोकरीच्या आत सुती अस्तर लाविले, की बोचण्याची तक्रार उरत नाही.

सुती कापड स्वस्त, मऊ व धुण्यास सोपे. कापूस तर आपल्या शेतातलाच. कोरडे असेपर्यंत कापूस भरलेली बंडी उत्तम ऊब देते. पण भिजली, की तंतू एकमेकांस चिकटतात, हवा निघून जाते आणि वस्त्र थंडगार पडते.

कृत्रिम धाग्यांचे कोट आज सर्वांत अधिक खपतात. पॉलिएस्टर पिंजून केलेले ‘फ्लीस’ नावाचे लवदार कापड अमेरिकेतील एका गिरणीने १९७९ साली प्रथम बनविले. ते हलके असते, लवकर वाळते आणि पुष्कळ हवा धरते. मात्र वारा त्यातून सहज जातो. चौकोनी शिवणींत पॉलिएस्टरचा कापूस भरलेले जाकीट वारा बऱ्यापैकी अडविते. गरीब कुटुंबास ही वस्त्रे मोठी सोयीची झाली आहेत, यात संशय नाही.

परंतु येथे एक धोक्याची सूचना पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावी. पॉलिएस्टर सुमारे २५० अंशांना वितळते, आणि पेटल्यास वितळलेला रस कातडीस चिकटून खोल भाजतो. आपल्याकडे पहाटे मुले शेकोटीभोवती अगदी बिलगून बसतात. ठिणगी उडाली, की असल्या जाकिटास भोक पडते ते वेगळेच, कधी जिवावरही बेतते. लोकर सहसा पेट घेत नाही. जळू लागली तरी विस्तव दूर होताच बहुधा आपोआप विझते. म्हणून कृत्रिम धाग्याचा कोट घातलेल्या मुलास शेकोटीपासून दोन हात दूर बसण्याची सवय लावावी.

विकत घेताना लोकर खरी की खोटी हे ओळखावे कसे? १९६४ साली सुरू झालेले लोकरीच्या लडीच्या आकाराचे ‘वुलमार्क’ चिन्ह शुद्ध लोकरीची खूण म्हणून जगभर मानले जाते. ते नसल्यास कोटाच्या आतील शिवणीतून एक सुटा धागा काढून घरातील वडील माणसाने चिमट्यात धरून जाळून पाहावा. जळलेल्या केसांसारखा वास आला आणि राख बोटांनी सहज चुरडली गेली, तर ती लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि हलकी करडी राख, तर सूत. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिएस्टर. मात्र ‘गरम कापड’ या नावाखाली मिळणारा बराच माल मिश्र धाग्यांचा असतो, हेही ध्यानात असावे. मिश्र असणे हा दोष नव्हे. त्यास शुद्ध लोकर म्हणून शुद्ध लोकरीची किंमत घेणे हा दोष होय.

टिकाऊपणा

मीही एकदा फसलो आहे. एका वर्षी माझ्या मुलीसाठी मी चकचकीत कापडाचा, दिसावयास फुगीर असा एक कोट स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. संक्रांतीच्या आतच त्याची चेन तुटली, खांद्याची शिवण उसवली आणि आतला कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला. तेव्हापासून मी कोट नेहमी आधी उलटा करून पाहतो. कोटाचे खरे स्वरूप त्याच्या आतल्या बाजूस दिसते.

पाहावयाचे ते असे. टाके बारीक व सारखे आहेत काय? बगल, खांदा आणि खिशाची तोंडे येथे दुहेरी शिवण आहे काय? बटणे घट्ट आहेत काय, काजांचे दोरे सुटलेले नाहीत ना? अस्तर कापडापेक्षा किंचित सैल आहे काय? ते ताणून शिवलेले असेल तर हात वर करताच फाटेल. चेन असल्यास ती चार वेळा वरखाली करून पाहावी. भरलेला कोट असेल, तर शिवणींचे चौकोन लहान असावेत, म्हणजे कापूस सरकत नाही.

वाढत्या मुलांच्या पालकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिवणीत आत राखलेले जादा कापड. आपले शिंपी त्यास ‘माया’ म्हणतात. बाह्यांच्या टोकाशी, बाजूच्या शिवणींत आणि खालच्या दुमडीत दोन-दोन बोटे माया असेल, तर पुढील वर्षी उसवून कोट मोठा करता येतो. तयार कोटांत माया क्वचितच आढळते. शिंप्याकडून शिवून घेतलेल्या कोटात ती मागून घेता येते.

किमतीचा हिशेब कसा करावा हेही मुलांनी शिकण्याजोगे आहे. समजा, एक कोट ६०० रुपयांचा आहे आणि एकच हिवाळा टिकतो. दुसरा १५०० रुपयांचा आहे आणि चार हिवाळे टिकतो. पहिल्याची किंमत दर हिवाळ्यास ६०० रुपये, दुसऱ्याची ३७५. स्वस्त कोणता? अर्थात् एका वेळी १५०० रुपये काढणे प्रत्येक घरास शक्य नसते, हे मी जाणतो. तेथे मोठ्या भावंडाचा किंवा नातलगाचा चांगला जुना कोट शिंप्याकडून नीट करून घेणे हा मार्ग नव्या निकृष्ट कोटाहून शतपटीने बरा, आणि त्यात कमीपणा तो कसला? थंडीच्या दिवसांत महाराष्ट्रातील अनेक शहरांत तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरबाजार भरतात; त्यांतील बराच माल पंजाबातील लुधियानाचा असतो. तेथेही वरील परीक्षा करूनच माल घ्यावा.

शोभा

विद्यार्थ्यांस या भागाची उत्कंठा अधिक असणार! शोभा ही तुच्छ मानण्याची गोष्ट नाही. जो कोट मुलास आवडत नाही तो खुंटीवरच राहतो, आणि खुंटीवरच्या कोटाची ऊब कोणाला?

शोभा मुख्यतः मापात असते. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या टोकाशी यावी, बाही मनगटापर्यंत पोहोचावी, आणि आत स्वेटर घालूनही बटणे लागतील इतकी सैलाई असावी. फार घट्ट कोट दिसतोही वाईट आणि आतली हवा दाबून टाकल्याने थंडही पडतो. म्हणजे येथे शोभा आणि ऊब यांचा विरोध नसून मैत्री आहे. रंग गडद व साधा असावा. तो मळखाऊ असतो आणि कोणत्याही कपड्यावर शोभतो.

वेषाच्या चाली बदलत असतात. आपल्या पूर्वजांनी बाराबंदी व अंगरखा घातला. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी प्रतिष्ठित मंडळींच्या अंगावर शेरवानी दिसे. पुढे बंद गळ्याचा कोट आला, आता जाकीट आले. आज ज्याची ऐट वाटते ते उद्या जुने होईल. परंतु स्वच्छ, मापशीर आणि नीट बटणे लावलेला कोट कोणत्याही काळात शोभूनच दिसला आहे.

निगा

लोकरीचे वस्त्र गरम पाण्यात चोळून धुऊ नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता व घासणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि वस्त्र आटते. थंड पाण्यात सौम्य साबणाने हलके दाबून धुवावे. विणलेला स्वेटर दोरीवर लोंबत न ठेवता सावलीत पसरून वाळवावा. हिवाळा संपला, की वस्त्र धुऊनच पेटीत ठेवावे, कारण घाम व डाग असलेल्या लोकरीकडे कसर लवकर वळते. पेटीत ठेवण्यापूर्वी वस्त्रास ऊन द्यावे व ब्रशाने झटकावे. म्हणजे कसरीची अंडी असल्यास निघून जातात.

आता आरंभीच्या मुलाकडे वळतो. त्याच हिवाळ्यात मुख्याध्यापकांच्या संमतीने असे ठरले, की थंडीच्या दिवसांत गणवेशावर ज्याच्याजवळ जे उबदार वस्त्र असेल ते त्याने घालावे. स्वेटर, शाल, घोंगडे, काहीही. मी वर्गात त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. मग बर्फाचा वर सांगितलेला प्रयोग केला, आणि त्यासाठी घोंगडे त्याच्याचकडून मागून घेतले. त्या दिवशी कोणी हसले नाही.

पुढच्या वर्षी आजोबांनी आपले काठ झिजलेले जुने घोंगडे गावातील शिंप्याकडे नेले. मधला चांगला भाग कापून, आत सुती अस्तर व गळ्याशी मऊ कापडाची पट्टी लावून शिंप्याने त्याचा बंद गळ्याचा काळा कोट शिवला. वर्गातील दोघा-तिघांनी “कोठून घेतलास?” असे विचारले, तेव्हा त्या मुलाच्या मुखावरील भाव मी विसरलो नाही. दोन वर्षांत त्या कोटाच्या शिवणी दोनदा उसवून मोठ्या केल्या. यंदा तो त्याच्या धाकट्या भावाच्या अंगावर आहे. बाह्या पुन्हा आत दुमडल्या आहेत, आणि शिवणीत माया अजून शिल्लक आहे.